ट्रॅक आणि प्लेलिस्ट (ध्वनिमुद्रण)

ट्रॅक आणि प्लेलिस्ट या संगणकावरील ध्वनिमुद्रण प्रणालींमधील दोन मूलभूत संकल्पना आहेत. ट्रॅक म्हणजे एका आवाजासाठी किंवा वाद्यासाठी राखून ठेवलेली स्वतंत्र वाहिनी. तिला स्वतःची ध्वनिपातळी, स्वतःचे ध्वनिसंस्कार आणि आवाज बाहेर पाठवण्याचा स्वतःचा मार्ग असतो. प्लेलिस्ट म्हणजे त्या ट्रॅकवर कोणत्या ध्वनिफाइलीचा कोणता भाग नेमक्या कोणत्या क्षणी वाजावा, याची नोंद ठेवणारी यादी. एका ट्रॅकला अनेक प्लेलिस्ट असू शकतात. मात्र एका वेळी त्यांपैकी एकच वाजते. एकच गाणे गायकाने दहा वेळा गायले, तर ते दहाही प्रयत्न एकाच ट्रॅकवर, एकमेकांना धक्का न लावता जपून ठेवता येतात, ते या व्यवस्थेमुळे.

प्लेलिस्ट हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो मुख्यतः प्रो टूल्स या प्रणालीमुळे. म्हणून प्रस्तुत लेखात तिच्याच आधारे विवेचन केले असून इतर प्रणालींचा उल्लेख शेवटी केला आहे.

संज्ञा

दोन्ही शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत, परंतु वेगळ्या अर्थांनी. आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुधा तेथूनच सुरू होतो. हौशी गायक ‘ट्रॅकवर गाणे’ म्हणतात तेव्हा त्यांना आधी मुद्रित केलेले साथसंगीत अभिप्रेत असते. सीडीच्या वेष्टनावर ‘ट्रॅक ५’ असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ पाचवे गाणे एवढाच असतो. ध्वनिमुद्रणात मात्र एका गाण्याचेच अनेक ट्रॅक असतात : गायकाचा एक, तबल्याच्या दायाचा एक, डग्ग्याचा एक, हार्मोनियमचा एक, याप्रमाणे.

प्लेलिस्ट म्हणजे सर्वसामान्यांच्या दृष्टीने मोबाइलवर ऐकायच्या गाण्यांची यादी. येथे यादीच आहे, पण गाण्यांची नव्हे, तर ध्वनीच्या तुकड्यांची. एफएल स्टुडिओ या लोकप्रिय प्रणालीत तर संपूर्ण गाण्याची मांडणी जेथे केली जाते त्या पटालाच प्लेलिस्ट म्हणतात; त्या अर्थाचा प्रस्तुत लेखाशी संबंध नाही. ‘वादनसूची’ असा मराठी प्रतिशब्द करता येण्याजोगा आहे. तथापि स्टुडिओत तो कोणी वापरत नाही, म्हणून मूळ शब्दच ठेवलेला बरा.

आणखी एक शब्दभेद लक्षात ठेवावा लागतो. प्लेलिस्टमधील ध्वनीच्या तुकड्याला प्रो टूल्समध्ये पूर्वी ‘रीजन’ म्हणत. २०११ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून त्याला ‘क्लिप’ म्हणू लागले. जुनी क्रमिक पुस्तके वाचताना हे दोन शब्द एकाच वस्तूचे समजावेत.

पूर्वपीठिका

ट्रॅक ही कल्पना संगणकाची नव्हे. ती चुंबकीय फितीची आहे. फितीच्या रुंदीचे समांतर पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यावर वेगळा आवाज मुद्रित केला जाई, आणि अशा प्रत्येक पट्ट्याला ट्रॅक म्हणत. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५७ साली गिटारवादक लेस पॉल यांना आठ ट्रॅकचे यंत्र पुरवले. त्यात वापरलेल्या ‘सेल-सिंक’ या युक्तीचे महत्त्व मोठे आहे. फितीच्या यंत्रात मुद्रण करणारा शीर्षभाग आणि ऐकवणारा शीर्षभाग यांच्यात काही अंतर असते. त्यामुळे आधी मुद्रित झालेले वादन ऐकत नवे वादन मुद्रित करू गेल्यास दोहोंत तेवढ्या अंतराचा काळभेद पडतो. सेल-सिंकमध्ये मुद्रणाच्या शीर्षभागाकडूनच जुन्या ट्रॅकचे श्रवण घडवले जाई व हा भेद नाहीसा होई. एकट्या वादकाने एकावर एक थर चढवत जाणे त्यानंतरच खऱ्या अर्थाने सुकर झाले.

तरीही ट्रॅकची संख्या ही कायमची टंचाई होती. बीटल्सचा १९६७ मधील ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा संग्रह चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चारही ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एकदोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचे मुद्रण करायचे, असा प्रकार होता. एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करणे शक्य नसे, त्यामुळे प्रत्येक मिश्रण हा परतीची वाट नसलेला निर्णय ठरे. पुढे दोन इंच रुंदीच्या फितीवर २४ ट्रॅक बसू लागले, तरी एका गायकाचे पाचसहा टेक स्वतंत्र ठेवायचे तर तेवढे ट्रॅक इतर वाद्यांकडून काढून घ्यावे लागत.

याहून मोठा धोका होता तो दुरुस्तीचा. गाण्यातील एखादीच ओळ बिघडली, तर फीत चालू ठेवून नेमक्या त्या ओळीपुरते मुद्रणाचे बटन दाबले जाई. यालाच पंच-इन म्हणतात. नवी ओळ उमटत असताना जुनी त्याच क्षणी पुसली जाई. बटन निमिषभर आधी दाबले गेले, तर आधीच्या चांगल्या ओळीचे शेवटचे अक्षर गेलेच म्हणून समजावे. नवी ओळ जुनीपेक्षा वाईट निघाली, तरी जुनी परत मिळणार नाही. ध्वनिमुद्रकाचे कसब पुष्कळ अंशी या एका बटनावरच्या बोटात असे.

संगणकाच्या स्थायी चकतीवर ध्वनी साठवता येऊ लागल्यावर ही परिस्थिती मुळातून बदलली. डिजिडिझाइन या अमेरिकी कंपनीने १९८९ साली ‘साउंड टूल्स’ ही दोन वाहिन्यांची प्रणाली आणि १९९१ साली चार ट्रॅकची ‘प्रो टूल्स’ ही प्रणाली मॅकिंटॉश संगणकांसाठी बाजारात आणली. १९९५ मध्ये ही कंपनी अ‍ॅव्हिडमध्ये विलीन झाली. संगणकाविना चालणाऱ्या डिजिटल मुद्रकांनीही हीच कल्पना वेगळ्या नावाने उचलली. रोलंड कंपनीच्या १९९६ मधील व्हीएस-८८० या यंत्रात आठ ट्रॅक होते आणि प्रत्येकामागे आठ याप्रमाणे ६४ ‘व्हर्च्युअल ट्रॅक’ होते.

ध्वनिफाइल, क्लिप आणि प्लेलिस्ट

या तिन्हींतील भेद समजला की उरलेला विषय सोपा आहे.

मुद्रणाचे बटन दाबून गायन सुरू केले की चकतीवर एक ध्वनिफाइल तयार होते. ही खरी वस्तू. यात प्रत्यक्ष ध्वनी आहे. क्लिप ही त्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद आहे : अमुक फाइल, तिच्यातील अमुक ठिकाणापासून, अमुक लांबीपर्यंत. प्लेलिस्टमध्ये अशा क्लिपा कालरेषेवर कोठे बसवायच्या याचा क्रम असतो. ग्रंथालयातील तालिकापत्रात पुस्तक नसते, पुस्तकाचा पत्ता असतो. पत्र फाडले म्हणून पुस्तक फाटत नाही, आणि एकाच पुस्तकाची तीन पत्रे केली म्हणून पुस्तके तीन होत नाहीत. क्लिप आणि ध्वनिफाइल यांचे नाते असेच आहे.

उदाहरणार्थ, सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने चार मिनिटांचे गायन मुद्रित केले, तर फाइलीत १,१५,२०,००० नमुने असतील. गाण्यातील अंतरा ७०व्या सेकंदाला सुरू होऊन ९०व्या सेकंदाला संपत असेल, तर त्याच्या क्लिपमध्ये ‘३३,६०,०००व्या नमुन्यापासून ९,६०,००० नमुने’ एवढीच माहिती असते. हा अंतरा पुढे सरकवला, कापला, दोनदा वाजवला, तरी फाइलीतील एकही नमुना बदलत नाही. बदलतात ते यादीतील आकडे. म्हणून अशा संपादनाला अविध्वंसक संपादन म्हणतात. चित्रपटाच्या संकलनात दृश्यांच्या कापणीची जी निर्णययादी ठेवली जाते, तिचीच ही भावंड आहे.

यादीची ही पद्धत किती स्वस्त पडते ते हिशेबावरून दिसेल. ४८,००० नमुने आणि २४ बिट या प्रमाणात एकवाहिनी ध्वनीला सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६४ मेगाबाइट जागा लागते. चार मिनिटांच्या गाण्याचे दहा टेक घेतले तर सुमारे ३४६ मेगाबाइट होतात. पण या दहा टेकांतून तुकडे निवडून चार वेगवेगळ्या जुळण्या करून ठेवल्या, तर त्या चार प्लेलिस्टांना लागणारी जागा यापुढे नगण्य असते, कारण नवा ध्वनी कोठेच निर्माण होत नाही.

दोन क्लिपांच्या सांध्यावर खट् असा आवाज येऊ नये म्हणून एक विरत जाणारा आणि दुसरा चढत जाणारा असा छोटा मेळ घालतात. त्यास क्रॉसफेड म्हणतात. जुन्या आवृत्त्यांत या सांध्यांच्या स्वतंत्र फाइली तयार होऊन वेगळ्या फोल्डरात साठत. दहाव्या आवृत्तीपासून ते वाजताना तत्क्षणीच गणले जातात.

याला एक अपवाद आहे. प्रो टूल्समध्ये विध्वंसक मुद्रणाचीही एक पद्धत ठेवलेली आहे. तीत नवे मुद्रण जुन्या फाइलीवरच लिहिले जाते, फितीप्रमाणे. चित्रपटाच्या अंतिम ध्वनिमिश्रणासारख्या कामात एकच सलग फाइल हवी असते, तेथे तिचा उपयोग होतो. इतरांनी ती चालू राहिली नाही ना, हे मुद्रणापूर्वी पाहून घ्यावे.

ट्रॅकचे काय आणि प्लेलिस्टचे काय

सगळ्याच ट्रॅकवर ध्वनी मुद्रित होत नाही. ध्वनिट्रॅकवर आणि स्वरलेखनाच्या सूचना साठवणाऱ्या मिडी ट्रॅकवर मुद्रण होते. ऑक्झिलरी ट्रॅकमधून दुसऱ्या ट्रॅकचा आवाज फक्त वाहतो, आणि मास्टर फेडर सगळ्या मिश्रणाची अंतिम पातळी ठरवतो. या शेवटच्या दोहोंवर क्लिपा नसतात, म्हणून टेकांच्या प्लेलिस्टाही नसतात.

प्लेलिस्ट बदलली तर काय बदलते आणि काय तसेच राहते, हा परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. ध्वनिट्रॅकच्या बाबतीत बदलतात त्या फक्त क्लिपा आणि त्यांची जागा. ध्वनिपातळीचा सरकखटका, लावलेले ध्वनिसंस्कार, आवाजाची डावी-उजवी बाजू आणि या सर्वांचे आपोआप होणारे चढउतार ट्रॅकच्या मालकीचे असतात. ट्रॅकच्या सर्व प्लेलिस्टांना ते समान लागू होतात. याचा फायदा असा की दोन टेक एकाच प्रतिध्वनीत व एकाच पातळीवर ऐकून तुलना करता येते. तोटाही याच गोष्टीतून येतो. पहिल्या टेकमधील एखादी दबलेली ओळ उचलण्यासाठी तेथे पातळी वाढवून ठेवली असेल, तर दुसरा टेक वाजवताना त्याच जागी आवाज विनाकारण उसळतो. म्हणून टेकांची निवड पुरी होईपर्यंत पातळीचे बारीक चढउतार न लिहिणे शहाणपणाचे. मिडी ट्रॅकवर मात्र स्वरकंप, पेडल इत्यादी सूचना प्लेलिस्टसोबतच जातात, कारण त्या वादनाचाच भाग होत.

ट्रॅकसंबंधी आणखी एक संज्ञा आढळते ती ‘व्हॉइस’. पडद्यावर कितीही ट्रॅक दिसत असले, तरी एकाच वेळी प्रत्यक्ष किती वाजू शकतात याला प्रणालीनुसार मर्यादा असते, आणि ती व्हॉइसच्या संख्येत सांगतात. वापरात नसलेल्या प्लेलिस्टांना एकही व्हॉइस लागत नाही. एका ट्रॅकखाली वीस प्लेलिस्ट ठेवल्या तरी यंत्रावरील भार वाढत नाही तो यामुळे.

अनेक टेक आणि त्यांची जुळणी

प्लेलिस्टचा सर्वाधिक उपयोग गायनाच्या जुळणीसाठी होतो. स्टुडिओच्या बोलीत याला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. गायक एकच गाणे चारपाच वेळा गातो. प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रक ट्रॅकवर नवी, कोरी प्लेलिस्ट उघडतो. ट्रॅकचे नाव ‘गायन’ असेल तर नव्या प्लेलिस्टांना ‘गायन.०१’, ‘गायन.०२’ अशी नावे आपोआप मिळतात. ध्वनिफाइलींच्या नावांत मात्र टिंबाऐवजी अधोरेषा येते : ‘गायन_०१’. हा फरक क्षुल्लक दिसतो, पण टिंब दिसले की यादी आणि अधोरेषा दिसली की मुद्रण, हे ध्यानात असले म्हणजे फाइलींच्या गर्दीतही वाट सापडते. ट्रॅकला मुद्रणापूर्वीच अर्थपूर्ण नाव द्यावे असा आग्रह धरतात तो याचसाठी. नाहीतर सगळ्या फाइली ‘ऑडिओ १_०१’ या साच्यात जन्माला येतात आणि वर्षभराने त्यांतली बासरी कोणती व सनई कोणती हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

एखादा कठीण भाग पुनःपुन्हा गाऊन घ्यायचा असल्यास तेवढाच भाग फिरता ठेवून मुद्रण करता येते, आणि प्रत्येक फेरीसाठी नवी प्लेलिस्ट आपोआप तयार व्हावी अशी सोय चालू करता येते. २००८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून एका ट्रॅकच्या सर्व प्लेलिस्ट एकाखाली एक पसरलेल्या पाहता येतात. त्यापूर्वी त्या एकेक उघडून पाहाव्या लागत. मुद्रकाजवळच्या कागदावर ‘दुसरी ओळ – तिसरा टेक’ असे टिपण असल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. आता हव्या त्या टेकमधील ओळ निवडून एका आज्ञेने ती मुख्य प्लेलिस्टमध्ये उतरवता येते. क्लिपांना १ ते ५ गुणही देता येतात.

निवड ओळीओळीने करावी की शब्दाशब्दाने, याला नियम नाही. एवढे मात्र अनुभवी मुद्रक पाळतात की सांधा श्वासाच्या जागी किंवा कठोर व्यंजनाच्या आधी घालावा. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांच्या उच्चारापूर्वी क्षणभर आवाज बंद असतो, तेथे सांधा लपतो. लांबवलेल्या ‘आ’ किंवा ‘ई’च्या मध्यावर घातला तर दोन टेकांतील स्वरांचा पोत वेगळा असल्याने तो कानाला जाणवतो. व्याकरणात शिकलेल्या वर्णविचाराचा एवढा प्रत्यक्ष उपयोग फार थोड्या ठिकाणी होत असेल.

जुळणी सुरू करण्यापूर्वी मूळ टेकच्या प्लेलिस्टची प्रत काढून त्या प्रतीवर काम करावे. प्रत ही यादीचीच असल्याने ती काढायला वेळ व जागा दोन्ही लागत नाहीत.

अनेक मायक्रोफोन लावलेल्या वाद्यांच्या बाबतीत ट्रॅकांचा गट करणे अत्यावश्यक ठरते. ड्रमसंचाला बारा मायक्रोफोन लावले असतील तर प्रत्येक मायक्रोफोनमध्ये इतर ड्रमांचा आवाजही झिरपलेला असतो. अशा वेळी एकाच ट्रॅकची प्लेलिस्ट बदलली, तर जवळच्या मायक्रोफोनमध्ये एका टेकचा आणि वरच्या मायक्रोफोनमध्ये दुसऱ्या टेकचा ठोका ऐकू येईल. ट्रॅक गटात असले म्हणजे नवी प्लेलिस्ट सर्वांवर एकदम उघडते आणि कापणीही सर्वांवर एकाच जागी होते. तबल्याचा दाया व डग्गा वेगळ्या मायक्रोफोनांवर घेतले असतील तर तेथेही हेच करावे लागते.

साठवण आणि हटवणे

फितीवर जुने मुद्रण आपोआप नाहीसे होई. येथे ते कोणी काढून टाकीपर्यंत साचत राहते. बारा मायक्रोफोन, पाच मिनिटांची रचना आणि सहा टेक धरले तर केवळ ड्रमसंचाचे ३.१ गिगाबाइट होतात. साहजिकच काम संपल्यावर साफसफाईचा मोह होतो, आणि या व्यवस्थेत खरी हानी घडते ती याच टप्प्यावर.

तीन क्रिया नीट वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. प्लेलिस्टमधून क्लिप काढणे ही सर्वांत निरुपद्रवी. फाइल जागेवर असते. न वापरलेली प्लेलिस्ट हटवणे यापुढची पायरी आहे. ध्वनिफाइली याही वेळी चकतीवर राहतात, पण कोणता तुकडा कोठे बसवला होता ही जुळणी जाते, आणि ही आज्ञा मागे घेता येत नाही. तिसरी क्रिया ध्वनिफाइलच चकतीवरून पुसण्याची. क्लिपा यादीतून काढताना प्रणाली ‘फक्त प्रकल्पातून काढू की चकतीवरून पुसू’ असे विचारते. पहिल्या पर्यायात फाइल पुन्हा आणता येते, दुसऱ्यात नाही.

दुसरी आणि तिसरी क्रिया एकापाठोपाठ केली की काय होते ते पाहण्यासारखे आहे. बाजूला ठेवलेल्या प्लेलिस्टमधील क्लिपा ‘वापरातील’ समजल्या जातात, म्हणून त्या प्लेलिस्टच त्यांच्या फाइलींचे रक्षण करत असतात. त्या हटवल्या की त्याच क्लिपा ‘न वापरलेल्या’ ठरतात, आणि पुढच्या साफसफाईत त्यांच्या फाइली निमूटपणे निवडल्या जातात. गायक पुन्हा स्टुडिओत येणे शक्य नसेल, तर ते टेक कायमचे गेले.

प्रकल्प दुसऱ्या प्रणालीत नेतानाही असेच होते. एएएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात सहसा मुख्य प्लेलिस्टच जाते, पर्यायी टेक मागे राहतात. प्रो टूल्समधून प्रो टूल्समध्येच ट्रॅक आयात करताना पर्यायी प्लेलिस्टही आणण्याचा पर्याय असतो, तो आठवणीने निवडावा लागतो. अभिलेखागारासाठी प्रत ठेवायची असेल तर सर्व फाइलींसह संपूर्ण प्रकल्प ठेवावा, आणि अंतिम जुळणी एक सलग ध्वनिफाइल करूनही ठेवावी. यादी वाचणारी प्रणाली उद्या उपलब्ध नसली तरी साधी ध्वनिफाइल वाचता येण्याची शक्यता अधिक.

जुळवलेल्या गायनाविषयीचा वाद

तुकडे जोडून केलेले गायन हे खरे गायन आहे काय, हा प्रश्न प्लेलिस्टच्या आधीचा आहे. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली मैफली सोडून स्टुडिओच जवळ केला, आणि १९६६ मधील ‘द प्रॉस्पेक्ट्स ऑफ रेकॉर्डिंग’ या निबंधात फितीच्या सांध्यांचे उघड समर्थन केले. त्यांनी दिलेले उदाहरण बाखच्या ‘वेल-टेंपर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या खंडातील ए मायनर फ्यूगचे आहे. आठ टेकांपैकी सहावा व आठवा दोन्ही निर्दोष होते, पण पुढे ऐकता दोन्ही एकसुरी वाटले. दोहोंची लय जवळजवळ सारखी असल्याने आरंभ व शेवट सहाव्याचा आणि मधला भाग आठव्याचा घेऊन तिसरेच, अधिक चांगले वादन सिद्ध झाले. विरोधकांचे म्हणणे असे की जो आवेग एका दमात निर्माण होतो तो जोडकामात टिकत नाही.

हिंदुस्थानी संगीताच्या संदर्भात या वादाला वेगळे वळण मिळते. गूल्ड यांचे सांधे जमले ते रचना लिहिलेली होती आणि लय समान होती म्हणून. भावगीत किंवा चित्रपटगीत ठोक्याच्या आधाराने मुद्रित होते, तेथेही दोन टेकांतील तीच ओळ त्याच जागी येते. ख्यालात तसे नाही. आलाप, बोलताना त्या त्या वेळी सुचतात, लय हळूहळू वाढत जाते, आणि दुसऱ्या टेकमध्ये त्या जागी तोच विस्तार असण्याचे कारणच नसते. पहिल्या टेकमधील तान दुसऱ्यात बसवली तर समेवर येण्याचा हिशेब चुकतो, आणि हिशेब जुळवला तरी आधीच्या बढतीशी तिचा संबंध राहत नाही. म्हणून अशा मुद्रणांत प्लेलिस्ट तुकडे निवडण्यापेक्षा संपूर्ण पर्यायी गायने शेजारी शेजारी जपण्यासाठी अधिक उपयोगी पडते. खोकला, पानांची सळसळ यांपुरते सांधे घातले जातात ते वेगळे.

इतर प्रणाली

आर्डर या मुक्त प्रणालीत प्लेलिस्ट हाच शब्द असून तिथे एक जादा सोय आहे : एकच प्लेलिस्ट दोन ट्रॅकांना सामायिक देता येते, त्यामुळे एका ट्रॅकवर केलेली कापणी दुसऱ्यावर आपोआप उमटते. लॉजिक प्रोमध्ये टेक एका ‘टेक फोल्डर’मध्ये गोळा होतात, क्यूबेसमध्ये ‘ट्रॅक व्हर्शन’ व ‘लेन’ असे दोन प्रकार आहेत, आणि एबलटन लाइव्हमध्ये २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून ‘टेक लेन’ आहेत. रीपरमध्ये टेक ट्रॅकच्या नव्हे तर त्यावरील प्रत्येक तुकड्याच्या पोटात ठेवले जातात. २०२३ मधील सातव्या आवृत्तीत स्थिर लेनचीही भर पडली. विद्यार्थी ज्या ऑडॅसिटीने बहुधा सुरुवात करतात, तीत ट्रॅक आहेत, पण प्लेलिस्ट नाही. पर्यायी टेक वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ते मूक ठेवावे लागतात.